मुलाण्याची ओळ

मुसलमानांचा इतिहास असा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी पुढे येतात. एक, दिल्ली, विजापूर, अहमदनगरच्या सुलतानांच्या लढाया. आणि दुसरी, फाळणी. उर्दू शाळेत शिकवताना आमच्या हातातल्या पुस्तकांतही बहुधा हेच असते. ताजमहाल कोणी बांधला हे आमच्या वर्गातले पोर झोपेतही सांगेल. पण त्याच्या पणजोबांच्या गावात मशिदीत दिवा कोण लावीत होते, जत्रेचे बकरे कोण हलाल करीत होते, मयत झाली तर कबर कोण खोदीत होते, हे विचारले तर ते आमच्या तोंडाकडे बघत राहते. खरे सांगायचे तर त्या प्रश्नांपुढे आम्हीही निरुत्तरच असतो.

या लेखाला निमित्त झाले ते भोर तालुक्यातल्या कामथडीच्या बाजूकडून पुण्यात येऊन राहिलेल्या एका कुटुंबाचे. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रज ओलांडल्यावर खेड शिवापूर लागते. तिथे कमरअली दरवेशांचा दर्गा आहे. अकरा जणांनी एकेक बोट लावून उचलायचा तिथला दगड सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हिंदू-मुसलमान सगळेच तिथे उतरतात, दगड उचलतात, फातेहा देतात आणि पुढे निघतात. त्याच रस्त्यावर पुढे नसरापूरचा फाटा, कामथडी, कापूरहोळ अशी गावे येतात. कापूरहोळ हे संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊचे गाव. पश्चिमेला राजगड आणि तोरणा. हा सगळा मावळचा मुलूख. इथल्या किल्ल्यांवर आणि सरदारांवर पुस्तकांची कपाटे भरली आहेत. पण याच मुलखातल्या गावोगावच्या दोन-चार घरांच्या जमातींची हकीकत कुठल्या कपाटात आहे?

तर ते कुटुंब. त्यांची मुलगी आमच्या शाळेत होती. दहावी चांगल्या गुणांनी पास झाली, पुढे बारावी केली. नर्सिंगला जायचे म्हणून इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. आडनाव मुलाणी, जात मुलाणी. महाराष्ट्राच्या यादीत ती जात आहे. मग अडले कुठे? इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता: मुसलमान. कचेरीत सांगण्यात आले की मुसलमान हा धर्म झाला, जात दाखवा. आजोबा आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, आमाला अख्खं गाव मुलाणी म्हणतंय. माझ्या आज्याला म्हणत व्हतं, त्याच्या बापाला म्हणत व्हतं. आता गावाला कागदावर बोलायला कसं लावू?"

आम्ही विचारले, "चाचा, जमातीची एखादी जुनी वही असेल ना मशिदीत? निकाहाची, चंद्याची, मयतीची?"

"व्हती की. मशीद नवी बांधली तवा जुनं सामान भाईर काढलं, त्यात गेली. त्याच्या नंतरची हाय. पर ती उर्दूत हाय. आमच्या पोरान्ला वाचाया येत न्हाई, आन् कचेरीतल्यांनाबी."

उर्दूच्या शिक्षकाने हे ऐकून घ्यायचे म्हणजे काय होते, ते वाचकांनी समजून घ्यावे. त्या दिवसापासून आम्ही या मुलाण्याच्या मागे लागलो. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, जे मिळेल ते वाचीत गेलो. त्यातून हाती आलेले इथे मांडतो आहोत.

मुलाणा हे मौलाना या शब्दाचेच मराठी रूप. परगण्याला काझी आणि गावाला मुलाणा, अशी जुनी व्यवस्था होती. काझी निकाह लावी, कागदपत्रांवर शिक्का करी, वाद मिटवायला बसे. मुलाणा मात्र गावगाड्याचाच एक दात होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. मराठी खेड्याची घडण समजून घ्यायची तर त्या पुस्तकाला वळसा घालून जाता येत नाही. त्यात आणि इतर जुन्या यादांत बारा बलुतेदारांच्या तीन ओळी येतात: थोरली, मधली आणि धाकटी. यादी गावागणिक थोडी बदलते. पण भट, गुरव, कोळी यांच्या पंगतीला धाकट्या ओळीत मुलाणा पुष्कळ ठिकाणी सापडतो. भट आणि मुलाणा एकाच ओळीत बसून एकाच खळ्यावरून आपापला वाटा नेत. आजच्या काळात हे वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते.

या वाट्याबद्दल मुलाणा करी काय? मशीद असेल तिथे झाडलोट, दिवाबत्ती, अजान. पिराचे ठाणे असेल तिथे ऊद, फूल, चादर. पण गावाच्या लेखी त्याचे मोठे काम वेगळेच होते. जत्रेत, नवसाला, लग्नकार्यात बकरे पडायचे ते मुलाण्याच्या हातून. त्याने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय दख्खनच्या कुणब्या-मराठ्यांच्या घरी ते मटण शिजत नसे. म्हणजे देव गावाचा, नवस कुणब्याचा, बकरे धनगराचे आणि कलमा मुलाण्याचा. यात कोणाचा धर्म बुडाला असे कोणाला वाटत नव्हते. गावाच्या जत्रेचे पान मुलाण्यावाचून हलत नव्हते.

ही नुसती रीत नव्हती, तिला कागदाचा आधार होता. जुन्या काळी वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा भरे. निवाडा झाला की महजर होई. त्या महजरांवर देशमुख, देशपांडे, काझी, पाटील यांच्याबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या असत. सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा, तसे ज्याच्या त्याच्या हत्याराचे चित्र. लिहिता न येणाऱ्या माणसालाही गावाच्या इतिहासात सही करायची जागा होती. राजवाड्यांनी छापलेली साधने आणि १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे खंड चाळले, तर अशा कागदांत मुसलमान नावे वारंवार भेटतात. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बसून शिवछत्रपतींची बखर लिहिली. मुलखातले पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती व नैवेद्य ठिकाण पाहून पुढे चालविल्याचे त्याने नोंदवले आहे. राज्य बदलले तरी मशिदीतला दिवा विझला नाही, कारण तो गावाच्या हिशोबात धरलेला होता.

उर्दू शिकवणाऱ्याला या कागदांत आणखी एक मौज सापडते. मौजे, कसबा, इनाम, वारस, दाखला, तहसील, हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले. गावांच्या नावांपुढचे बुद्रुक म्हणजे आपले बुजुर्ग, आणि खुर्द म्हणजे लहान. वेल्हे बुद्रुक म्हणताना कोणा मावळ्याला आपण फारसी बोलतो आहोत असे वाटत नाही, आणि तसे वाटूही नये. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, तो याच शब्दांच्या ओढीने. आम्ही वर्गात मुलांना हे शब्द फळ्यावर लिहून दाखवतो. 'सर, ये तो अपनेच लफ्ज है,' असे म्हणून मुले खूश होतात. आम्ही त्यांना सांगतो की हो, आणि तुमच्या आजोबांनी अंगठा दिला तो कागद मराठी आहे, तोही तुमचाच.

इंग्रजी अमलात १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात तांबोळी, बागवान, अत्तार, मण्यार, पिंजारी, शिकलगार अशा मुसलमान जमातींची धंदेवार माहिती आहे. घरात हिंदुस्थानी आणि बाहेर मराठी बोलणारे लोक, असे त्यांचे वर्णन येते. ज्याला आपण घरी 'अपनी बोली' म्हणतो ती दखनी आणि चावडीवरची मराठी, हा दुपेडी गोफ तेव्हाही होता. भोरचा मुलूख मात्र पंतसचिवांच्या संस्थानात होता. ते संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. आजच्या भोर तालुक्याचा बराच भाग त्यातून आला, म्हणून या भागातले जुने पुरावे शोधताना संस्थानी दप्तर विसरून चालत नाही.

गावच्या जमातीचे वर्ष कसे जात असे? मोहरमला पंजे बसत. अलाव्याचा खड्डा खणायला आणि लाकडे आणायला सगळे गाव येई. सवारी अंगात येणारे, फकीर होऊन भीक मागणारे, नवस बोलणारे यांत हिंदूच अधिक असत. शहरात हे चित्र लवकर पालटले. १८९३ च्या दंगली आणि त्यानंतर वाढलेला सार्वजनिक गणेशोत्सव यांमुळे पुण्यातल्या ताबुतांमधून हिंदू पाठ फिरवू लागले. खेड्यांत मात्र पंजे पुढेही सगळ्या गावाचे राहिले, काही ठिकाणी आजही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत पाहायला आजही दोन्ही समाज लोटतात. बाकी शबेबरातीला कब्रस्तानात दिवे, बारावफातीला मौलूद, रमजानात सहरीसाठी डबा वाजवीत फिरणारा फकीर, ईदला शिरखुर्म्याचे डबे पाटलाच्या वाड्यावर. कोणाच्या घरी पोर जन्मले, कोणाची सोयरीक कुठे जमली, कोणाची मयत झाली, चंदा किती जमला, चटया किती आल्या. जमातीची खबरबात म्हणजे एवढीच. तिची वही कोणी जपावी असे कोणाला वाटले नाही, कारण गाव हीच वही होती. विचारले की गाव सांगत असे.

ते गाव स्वातंत्र्यानंतर हळूहळू बोलायचे थांबले. समाजोपयोगी सेवा इनामे रद्द करणारा कायदा १९५३ चा, कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा १९५८ चा. जुन्या बांधिलकीतून माणसे सुटली, हे चांगलेच झाले. बलुत्याच्या धान्यासाठी खळ्यावर उभे राहणे काही मानाचे जिणे नव्हते, आणि महार-मांगांच्या वाट्याला तर त्या गाड्यात अपमानच अधिक होता. त्या काळाचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण वतन गेले तेव्हा त्याच्याबरोबर मुलाण्याचे नाव ज्या पानावर दरसाल लिहिले जाई, ते पानही गेले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारले, जात कोणती? बापाने सांगितले, मुसलमान. मास्तरांनी तेच लिहिले. बापाला ते खोटे वाटले नाही. धर्माने सगळे बरोबरीचे, मग जात कशाला सांगायची, ही त्याची साधी समजूत. त्या एका शब्दाची किंमत पन्नास-साठ वर्षांनी नातीला मोजावी लागेल, हे त्याला कसे कळणार?

पुढे धरणे आली, कारखाने आले, रस्ता रुंद झाला. भाटघरचे धरण तर १९२८ चेच. जमिनी कमी आणि हात जास्त, अशी घरे पुण्याला उठून आली. कोणी मार्केटयार्डात हमाली केली, कोणी गॅरेज टाकले, कोणी मटणाचे दुकान. गावात राहिलेली घरे थोडी. पूर्वी मुलाणीच पेशइमाम असे. त्याला चार सुरे आणि जनाजाची नमाज येत असे, आणि गावातल्या प्रत्येकाची कुळकथा तोंडपाठ असे. आता मदरशात शिकलेले मौलाना बाहेरून येतात. त्यांची किरात सुंदर, दीनचे ज्ञान पक्के. मुलांचा मकतब नीट चालतो. याबद्दल आम्ही अल्लाहचे शुक्रगुजार आहोत. पण मौलाना तीन वर्षांनी बदलतात, आणि कोण कोणाचा चुलता हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ते वही लिहितात ती त्यांच्या भाषेत. चूक त्यांची नाही. वही कोणी, कोणासाठी आणि कोणत्या भाषेत लिहायची, हे आपण जमातीने कधी ठरवलेच नाही.

मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर समोर आला. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून पिंजारी, मुलाणी, तांबोळी यांना आपली जात कागदावर आणायला सांगितले. दिलीपकुमारांसारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर आला. १९९४ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला आणि वाट मोकळी झाली. पुढे २००६ च्या सच्चर समितीने देशातले सुमारे ४१ टक्के मुसलमान स्वतःला ओबीसी सांगतात, असे नमुना पाहणीच्या आधारे मांडले. हक्क मिळाला. पण हक्काच्या दारात उभे राहून दाखवायचा कागद किती घरांत आहे?

आता मशीद आणि कब्रस्तान यांचेही तेच झाले आहे. खेड्यातली मशीद कोणा नवाबाने दस्त करून दिलेली नसते. पिढ्यान् पिढ्या नमाज होत आली म्हणून ती मशीद, मयती पुरत आल्या म्हणून ते कब्रस्तान. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने वापरावरून वक्फ मानण्याची तरतूद पुढच्या काळापुरती काढून टाकली. कायद्याआधी नोंदलेल्या अशा मिळकती, त्यांवर वाद नसेल आणि त्या सरकारी ठरत नसतील, तर वक्फ राहतील असे म्हटले. जून २०२५ मध्ये उमीद नावाचे पोर्टल सुरू झाले आणि नोंदलेल्या मिळकतींचा तपशील त्यावर चढवायला सहा महिने मिळाले. कायद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद कोर्टात गेला, तो वकील मंडळी लढवतील. पण या सहा महिन्यांत ठिकठिकाणचे मुतवल्ली आणि विश्वस्त सातबारा, नकाशे, जुन्या पावत्या शोधत धावताना आम्ही पाहिले, आणि आम्हाला त्या आजोबांची आठवण झाली. तेच शब्द, "गाव म्हणतंय की हे कबरस्तान हाय." गावाच्या म्हणण्याला आता टाचण लागते.

त्या मुलीचे काय झाले ते सांगायला हवे. आजोबा चार महिने फिरले. तलाठी, रेकॉर्ड रूम, भोरची फेरी, पुण्याची फेरी. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत त्यांच्या चुलत्याच्या जन्माची एक ओळ निघाली. मोडी लिपीतली. कोणालाच वाचता येईना. शेवटी मोडीचे एक जाणकार गृहस्थ भेटले, जातीने ब्राह्मण, पेन्शनीत निघालेले. त्यांनी भिंग लावून ओळ वाचली, बापाच्या नावापुढे 'मुलाणा' असा शब्द होता. लिप्यंतर करून सही केली आणि पैसे घेतले नाहीत. आजोबांनी तो कागद डोळ्यांना लावला. धाकट्या ओळीतला भट आणि धाकट्या ओळीतला मुलाणा पुन्हा एका टेबलाशी बसलेले आम्ही त्या दिवशी पाहिले. दाखला निघाला, पण त्या वर्षीचे प्रवेश संपले होते. मुलीचे एक वर्ष गेले. आज ती शिकते आहे. आणखी कितींची वर्षे अशी गेली असतील, आणि कितींनी चौथ्या फेरीला कंटाळून नाद सोडला असेल, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. महाराष्ट्राचा मुसलमान आपले दुःख आपल्या भाषेत, म्हणजे मराठीत, मांडील असे तिथे बजावून सांगितले गेले. कविता, कथा, आत्मकथने आली. आमचे एवढेच म्हणणे आहे की आता जमातीची वहीही मराठीत यावी. उर्दू आमची रोजीरोटी आहे आणि त्याहून अधिक ती आमची आवड आहे. दीनची गोष्ट, गजल, खत, उर्दूत जरूर लिहावे. शेजारी उर्दूत नोंद ठेवली तर आम्हाला आनंदच होईल. पण ज्या ओळीवर उद्या नातवाचा दाखला आणि कब्रस्तानाची हद्द ठरणार आहे, ती ओळ तलाठ्याला, ग्रामसेवकाला आणि त्या नातवाला वाचता आली पाहिजे.

काम मोठे नाही. दोनशे पानांची पुठ्ठ्याची वही पुरे. पहिल्या भागात मशीद, ईदगाह, कब्रस्तान, पिराची जागा: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ते. दुसऱ्या भागात घरटी एक पान: आडनाव, जात किंवा बिरादरी, मूळ गाव, आजोबा-पणजोबांपर्यंतची नावे, आणि आज कोण कुठे राहते. तिसऱ्या भागात दरसालचे निकाह, जन्म, मयती. चौथ्यात चंदा आणि खर्च. आयांची आणि लेकींची नावेही लिहावीत. जुन्या वह्यांत त्या कुठेच नाहीत. फलाण्याची बायको, फलाण्याची मुलगी यापलीकडे त्यांना ओळख दिलेली नाही. वर्षाला ईदच्या दिवशी, सगळे गावाला आलेले असताना, वही वाचून दाखवावी आणि पाच जणांनी सह्या कराव्यात. त्यांत गावातला एखादा बिगर-मुस्लिम वडीलधारा असेल तर सोन्याहून पिवळे. महजराची रीत तीच होती. वहीची एक झेरॉक्स मशिदीबाहेर कोणाच्या तरी घरी असावी, म्हणजे मशीद पुन्हा बांधायला काढली तरी वही वाचेल.

आम्ही यंदा नववीच्या मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून आपापल्या मूळ गावचे एक पान लिहून आणायला सांगितले. भोर, वेल्हे, मुळशी, पुरंदर, कुठली कुठली गावे निघाली. एकाने लिहिले होते, 'आमचे गाव पुणे.' आम्ही त्याला परत पाठवले. म्हटले, दादीला विचारून ये. दुसऱ्या दिवशी तो दीड पान घेऊन आला. दादीने गावच्या विहिरीचे नाव सांगितले होते, मोहरमला पंजा धरणाऱ्या पाटलाचे नाव सांगितले होते, आणि रडली होती. पानाच्या शेवटी त्याने आपल्या कच्च्या मराठीत लिहिले होते की दादी म्हणाली, हे आधी का नाही विचारले.